मागकट्ट्याची दोन दारं

"दोन्हीकडनं उघडतंय म्हटल्यावर अडचण कुठाय?" बंडोपंत तारळेकरांनी विचारलं.

"तीच अडचण आहे, बाबा," मेघा म्हणाली.

रोकडे स्पेअर्सच्या काउंटरवरचे मागाला लागणाऱ्या पिकरचे पुडे बाजूला सारून तिनं लॅपटॉप मांडला होता. काउंटरच्या आत दोन खुर्च्या. डावीवर तिचे वडील बंडोपंत, उजवीवर तिच्या मावशीचे यजमान जयवंत लाटणे. दोघं एकमेकांचे साडू आणि दुकानातले भागीदार. गिऱ्हाइकाच्या बाजूला स्टुलावर मी. माझा धंदा सुताच्या दलालीचा. दलालाला स्टूलच बरं, पाहिजे त्या बाजूला फिरता येतं.

"पत्त्याच्या आधी तीन डब्ल्यू लावा, मागकट्टा उघडतो," मेघा सांगत होती. "न लावता टाका, तरी उघडतो. तुम्हाला वाटतं एकच आहे. गुगलला वाटतं दोन आहेत. दोन दुकानं आणि दोन्हीत तोच माल. मग खरं कुठलं धरायचं? लोक कधी हा पत्ता देतात, कधी तो. त्यामुळं आपलं वजन वाटलं जातं. म्हणून आपण पहिल्या पानावरनं तिसऱ्या पानावर गेलोय."

"तिसऱ्या पानावर कोण जातंय?" मी विचारलं.

"कोणीच नाही, धनपालकाका."

हे दुकानाला परवडणारं नव्हतं. कारण इचलकरंजीतलं गिऱ्हाईक केव्हाच संपलं होतं. साधे माग उचलून लोक भंगाराच्या काट्यावर नेत होते आणि भंगारात निघालेल्या मागाला कुणी नवा पिकर घेत नाही. दुकान तगलं होतं ते मागकट्टा या त्यांच्या वेबसाइटवर. मालेगावला, भिवंडीला, विट्याला एखाद्याचा माग अडला की तो फोनवर दुखणं टाइप करायचा आणि गुगल त्याला मागकट्ट्यावर आणून सोडायचा. तिथं बंडोपंत उत्तर द्यायचे. तरुणपणी जॉबर, म्हणजे मागाचे मिस्त्री, म्हणून शेकडो माग त्यांनी उघडून जोडले होते. उत्तराच्या खाली दुकानाचा फोन. मग जयवंतराव पार्सल बांधायचे. गुगलनं माणूस आणला नाही, तर हे दोघे समोरच्या रस्त्याकडं बघत बसणार, एवढा साधा मामला होता.

"मग करायचं काय?" जयवंतराव म्हणाले.

"एक पत्ता ठेवायचा. दुसऱ्या पत्त्यावर येणाऱ्याला कायमचं तिकडं वळवायचं. हे वळवणं साइटच्या नावाच्या खात्यातनं करता येतं किंवा साइट जिथं ठेवलीय त्या जागेच्या खात्यातनं. पण एकाच ठिकाणी करा."

इथं मला थोडं मागं जायला हवं. दुकान या दोघांच्या सासऱ्यांचं, आबा रोकड्यांचं. आबांना दोन मुली, मुलगा नाही. जाताना त्यांनी दुकानाची जागा थोरल्या जावयाला, बंडोपंतांना दिली आणि दुकानाचं नाव, पाटी, परवाना धाकट्याला. गाव हसलं. पण आबा आयुष्यभर सुतातला गुंता सोडवत आलेले, जावयांचाही त्यांनी आधीच ओळखला होता. जागेवाल्याला नावाशिवाय धंदा नाही, नाववाल्याला जागेशिवाय नाही. कुणी कुणाला बाहेर काढूच शकत नव्हतं. पुढं मागकट्टा सुरू झाला तेव्हा दोघांनी न बोलता तीच वाटणी चालवली. इंटरनेटवरची जागा बंडोपंतांच्या खात्यात, नाव जयवंतरावांच्या. दोन पासवर्ड, आणि ते एकमेकांना कधीही सांगितलेले नाहीत. साडूचा पासवर्ड विचारणं म्हणजे त्याच्या घरात जाऊन कपाट उघडणं, अशी दोघांची समजूत.

"आणि ठेवायचा कुठला?" मी विचारलं.

"कुठलाही. नाणं उडवा."

दोन साडवांना देण्यासारखा याहून वाईट सल्ला नव्हता.

"नाणं कशाला?" बंडोपंत म्हणाले. "तीन डब्ल्यू राहणार. कॅलेंडरवर छापलंय, बिलावर छापलंय, सांगली रोडला भिंत रंगवून घेतलीय."

"दादा, मोबाईलवर कोण तीन डब्ल्यू दाबत बसतंय?" जयवंतराव हसत म्हणाले. "पत्रिकेत चिरंजीव छापतात. म्हणून पोराला जेवायला बोलवताना चिरंजीव म्हणून हाक मारता काय?"

"पावणं, चारचौघांत जाताना माणूस टोपी घालतोय."

"घालत होता. आता तुम्हीच घालत न्हाईसा की."

मेघा हसली. मीही हसलो. तेवढं पुरलं. बंडोपंतांचे कान लाल झाले.

"नाव तुमच्या खात्यात हाय म्हणून ही भाषा."

"आणि जागा तुमच्या खात्यात हाय म्हणून ती."

"जागा हाय म्हणून तुमचं नाव उभं हाय, जयवंतराव."

'पावणं'चं 'जयवंतराव' झालं की समजायचं, तारा ताणल्या. मेघाची पुण्याची बस होती. तिनं लॅपटॉप पिशवीत घातला आणि दारातनं वळून म्हणाली, "ठरवा तुम्ही काय ते. पण एकानंच करा. दोघांनी दोन तोंडं केलीत तर बंद पडेल."

ती गेली आणि त्याच संध्याकाळी दोघांनी आपापल्या घरी बसून आपापलं काम उरकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मागकट्टा उघडेना. पडद्यावर पांढरं पान आणि त्यावर एवढंच, की हे पान पुन्हा पुन्हा दुसरीकडं वळवलं जातंय. मी मेघाला फोन लावला.

"काय होणार दुसरं?" ती वैतागून म्हणाली. "नावाच्या दारात काकांची पाटी, डब्ल्यू सोडून इकडं जा. आत जागेच्या दारात बाबांची पाटी, डब्ल्यू घेऊन तिकडं जा. येणारा माणूस दोन दारांत मागातल्या धोट्यासारखा इकडनं तिकडं फिरतोय. एकाला पाटी फिरवायला सांगा. मिनिटाचं काम आहे."

"तू फिरव की."

"पासवर्ड कोण देतंय मला? विचारलं. बाबा म्हणाले, तुझ्या काकाला आधी विचार. काका म्हणाले, तुझ्या बाबांना आधी विचार."

दुकानात गेलो तर दोघं खुर्च्यांवर बसलेले. मधे हातभर अंतर.

"धनपाल, त्यांना म्हणावं, सकाळी भिवंडीचा फोन आलता, साइट बंद हाय म्हणून," बंडोपंत म्हणाले.

"अण्णा, त्यांना सांगा, मला पण आलता," जयवंतराव मला म्हणाले.

"त्यांना म्हणावं, जबाबदारी कुणाची?"

"सांगा त्यांना, आरशात बघा म्हणावं."

मी मधे मान फिरवत बसलो. त्यांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं, तरी माझ्या तोंडून गेल्याशिवाय कुणी ऐकल्यासारखं करत नव्हतं.

माणसं जोखणं हा माझा धंदा. भाव पडला की कोण आधी विकणार हे मला चेहऱ्यावरनं कळतं, असं बाजारात बोललं जायचं, आणि मीही ते खोडून काढत नसे. तेव्हा मी एकेकाला गाठायचं ठरवलं.

आधी बंडोपंतांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी शकुंतलावहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या.

"तुम्ही थोरले," मी म्हटलं. "तुम्ही एक पाऊल मागं घ्या. कमीपणा नाही त्यात."

"थोरल्यानंच किती दिवस घ्यायचं?" ते उसळले. "आबा गेल्यापासनं घेत आलोय. पाटीवर माझं नाव न्हाई, बिलावर न्हाई. गावातली पोरं मला रोकड्यांच्या दुकानातला म्हातारा म्हणत्यात. एक तीन अक्षरं मागितली मी, धनपाल. तू दलाली सुताची कर. माझी करू नको."

वहिनींनी मान वर केली नाही, पण शेंगा फोडायचा वेग वाढला.

मग जयवंतरावांना चहाच्या गाड्यावर धरलं. हा माणूस एरवी हसरा. त्या दिवशी हसला नाही.

"अण्णा, परक्याच्या जागेत वीस वर्षं बसलोय मी. खुर्ची सरकवायची तरी विचारून सरकवतो. मला पोरबाळ न्हाई, तर हे नाव तेवढं माझं. ते कसं लिहायचं हे पण त्यांनीच सांगायचं?"

"दुकान बुडेल की वो."

"बुडू दे. बुडालं की त्यांना कळंल, नुसती जागा कशी दिसती ते."

दोन्हीकडनं शिव्या खाऊन मी घरी आलो. मनात हिशेब मांडला. दोघंही विकणार नाहीत. भाव आणखी पडेल.

पुढचा सोमवार मला अजून दिसतो. मी सकाळी गेलो तेव्हा बंडोपंत आधीच आलेले. दाढी केलेली, स्वच्छ सदरा. गाड्यावरच्या माणसाला त्यांनी चहा सांगितला आणि बोटं दाखवली, तीन. इतक्या दिवसांत ते स्वतःपुरता आणि माझ्यापुरताच सांगत होते.

थोड्या वेळानं जयवंतराव आले. हातात कागदाचा पुडा, वास भडंगाचा. बंडोपंतांना भडंग आवडायचं. साडवानं आणलं की ते आधी नाक मुरडायचे आणि मग अर्धा पुडा संपवायचे. जयवंतरावांनी पुडा काउंटरवर ठेवला, दोघांच्या बरोबर मधे. बोलले नाहीत. बंडोपंतही बोलले नाहीत, पण संगणक त्यांनी इतका वळवला की उजव्या खुर्चीवरनंही पडदा दिसावा.

"उघडा की," मी म्हटलं.

बंडोपंतांनी पत्ता टाकला. दोघं पुढं झुकले. मला आठवतंय, जयवंतरावांनी तळहात गुडघ्यावर पुसला.

पांढरं पान. पुन्हा पुन्हा वळवलं जातंय.

बंडोपंतांनी परत टाकला. तेच.

 बंडोपंतांनी हळूहळू जयवंतरावांकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी समजू शकलो असतो, पण ते नुसतं बघत राहिले, रस्त्यात कुणी ओळख दाखवली नाही तर माणूस बघतो तसं. जयवंतरावांची नजरही तशीच. मग त्यांनी भडंगाचा पुडा उचलला आणि परत पिशवीत घातला. चहा आला. एक कप तसाच राहिला, त्यावर साय धरली.

मी माझ्या मनात नोंद केली, दोघं तडजोडीला आले होते, पण आधी दुसऱ्यानं वाकावं म्हणून अडून बसले. माणसं अशीच असतात, मी स्वतःला म्हटलं, आणि स्टूल उचलून आत ठेवलं.

त्यानंतर दोघं बोलायचे ते फक्त एक वाक्य, तेही वेगवेगळं मला गाठून.

"बघितलास? अजून तसंच हाय."

"बघितलं न्हवं अण्णा? अजून तसंच."

ते उत्तराची वाट बघत नसत. म्हणायचे आणि जायचे. शकुंतलावहिनी आणि जयवंतरावांच्या पत्नी मंगलताई सख्ख्या बहिणी. पण त्या वर्षी गौरीला एकमेकींकडं गेल्या नाहीत. गुगलनं मागकट्टा पानापानांवरनं उतरवत शेवटी काढूनच टाकला. मेघा बेंगळुरूला नोकरीला गेली. जाण्याआधी तिनं एकदा फोनवर बापाशी वाद घातला, तेव्हा ते म्हणाले, "तू मधे पडू नको. त्याला वाटंल तेव्हा तो करंल."

त्याला वाटलं ते वेगळंच. जयवंतरावांनी सुरतेला एका कापड गिरणीत देखरेखीची नोकरी धरली. जाताना आबा रोकड्यांची पाटी उतरवून घेऊन गेले. नाव त्यांचंच होतं. मंगलताई टेम्पोत पुढं बसल्या आणि पाटी मागं गादीवर निजवली. बंडोपंत दुकानाच्या पायरीवर उभे होते. बिनपाटीच्या दुकानात ते आणखी काही महिने बसले. मग उरलेला माल किलोवर गेला आणि जागेत मोबाईलची कव्हरं विकणारा भाडेकरू आला.

मधे बरीच वर्षं गेली. मीही सूत सोडलं. सुतानं मला आधी सोडलं होतं म्हणा. एक दिवस कळलं, जयवंतराव सुरतेत गेले. गिरणीच्या जिन्यावर बसले ते उठलेच नाहीत. मंगलताईंना तिथं कोण होतं? बहीण जाऊन त्यांना घेऊन आली, पाटीसकट. मेघाही सुट्टी काढून आली.

दिवसपाणी उरकल्यावर तिनं मला बोलावलं. बंडोपंत पलंगावर बसले होते. मेघापुढं दोन फोन, एक तिचा, एक जयवंतरावांचा. मंगलताई आतल्या खोलीच्या उंबऱ्यात, पदर डोक्यावरनं घेऊन.

"धनपालकाका, हे बघा," मेघा म्हणाली. "मागकट्ट्याचं नाव संपायला आलंय, पैसे भरा म्हणून काकांना मेल आलाय. काकांनी ते दर वर्षी भरलंय. गेल्या वर्षीसुद्धा."

"बंद पडलेल्या साइटचं?" मी म्हटलं. "काय करायचं होतं त्यांना?"

"आणि ह्यांनी जागेचं भरलंय," शकुंतलावहिनी भिंतीला टेकून म्हणाल्या. "दर वर्षी. ह्यांना वाटतंय, मला कळत न्हाई."

बंडोपंत खिडकीकडं बघत होते. "ठेवली होती," ते म्हणाले. "आज ना उद्या त्याचा राग जाईल आणि तो आपली पाटी फिरवंल. फिरवल्याबरोबर उघडलं पाहिजे म्हणून जागा ठेवली."

"त्यानं फिरवून काय होणार? तुमची होतीच की आडवी," मी म्हटलं.

"माझी कुठं? माझी मी केव्हाच फिरवली होती. त्याच्या बाजूला. तू येऊन शिव्या खाऊन गेलास त्याच आठवड्यात, रविवारी. म्हटलं, सोमवारी उघडंल आणि तो बघंल. सांगायचं कशाला तोंडानं?" ते खिडकीकडनं माझ्याकडं वळले. "बघितलं त्यानं. तरी त्यानं सोडलं न्हाई. मी त्याचं मान्य केलं, तरी न्हाई सोडलं."

मेघानं बोट जयवंतरावांच्या फोनवर ठेवलं. त्यात साठवलेल्या पासवर्डनं नावाचं खातं उघडायला तिला वेळ लागला. मग ती फोन बघत राहिली. मला आधी वाटलं, पासवर्ड चुकला असेल.

"बाबा," ती म्हणाली. "काकांच्या दारातली पाटी तीन डब्ल्यूकडं आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे तुमच्या बाजूला. तीही रविवारचीच."

 माझ्या डोळ्यांपुढं भडंगाचा पुडा आला आणि साय धरलेला तो कप.

"मग चाललं का न्हाई?" शकुंतलावहिनींनी विचारलं. "दोघांनी ऐकलं तर मग चालायला नको होतं?"

"दोघांनी एकदमच फिरवलं, आई. आधी भांडत होते तेव्हा काकांचं दार इकडं ढकलत होतं, बाबांचं तिकडं. फिरवल्यावर काकांचं तिकडं, बाबांचं इकडं. एकानंच फिरवलं असतं तर उघडलं असतं." तिनं फोन पालथा ठेवला. "मी पुण्यातनं तपासलं होतं तेव्हा. किती वेळा तपासलं. बाहेरनं सारखंच दिसतं. कोण कुठं ढकलतंय ते आत गेल्याशिवाय कळत नाही."

बंडोपंतांनी दोन्ही हात पलंगाच्या कडेवर टेकले, उठायचं असल्यासारखे. उठले नाहीत.

"आता उघडायचं का?" मेघानं विचारलं. "कुठलं ठेवू?"

"त्याचं ठेव."

"नको," उंबऱ्यातनं मंगलताई पहिल्यांदाच बोलल्या. "ह्यांनी दादांचं ठेवलंय. तेच राहू दे."

"मंगल, आता तरी—"

"न्हाई दादा. त्यांनी केलंय ते मोडायचं न्हाई."

"आणि मी केलेलं मोडायचं?"

मेघानं माझ्याकडं पाहिलं. आयुष्यभर दलाली केलेल्या माणसाकडं या सौद्याला भाव नव्हता. "दोन्ही काढून टाक," मी म्हटलं. "दोन्हीकडनं उघडू दे. पहिल्यासारखं."

"गुगल परत दोन धरेल."

"धरू दे. गुगलला आता कोण विचारतंय?"

बापानं पासवर्ड सांगितला, तशी तिनं आपल्या फोनवरनं बापाची पाटी काढली, काकांच्या फोनवरनं काकांची. मागकट्टा उघडला. तोच निळा मथळा, कोपऱ्यात आबांच्या दुकानाचा फोन नंबर. सगळ्यात वर, बंद पडायच्या दिवशी दुपारी आलेला एक प्रश्न, उत्तराविना. मालेगावच्या कुणा अन्सारींचा. धोटा उडतोय. पिकर बदलला, पट्टा बदलला, तरी उडतोय. कारागीर मागाजवळ उभा राहायला घाबरतोय. कोणी सांगेल का?

बंडोपंतांनी हात पुढं केला. मेघानं फोन त्यांना दिला. ते एका बोटानं लिहू लागले. एकेक अक्षर शोधत, पुसत, परत लिहीत. नमस्कार. फणी आणि धोट्याच्या पेटीची मागची बाजू एका रेषेत आहे का, सूत धरून बघा.

तो माग कधीच भंगाराच्या काट्यावर गेला असणार, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. माग मोडणारे हात त्यांनी याच गावात बघितले होते.

लिहून झाल्यावर त्यांनी खाली नाव घातलं. स्वतःचं नव्हे. रोकडे स्पेअर्स, असं. मग मंगलताईंकडं फोन धरून विचारलं, "पाठवू?"

मंगलताईंनी मान हलवली.

त्यांनी पाठवलं, फोन मांडीवर ठेवला आणि पडदा काळा पडू नये म्हणून मधून मधून त्याला बोट लावत बसले.